‘सर्जन’ आणि सृज् धातू: एक शंका

सोळाव्या शतकातील स्कॉटिश शस्त्रवैद्य पीटर लो याच्याविषयी वाचताना एका वाचकास दोन शंका आल्या आहेत: लो याला ‘सर्जन’ म्हणावे की ‘शल्यविशारद’, आणि ‘सर्जन’ हा शब्द आपल्याच ‘सृज्’ धातूवरून इंग्रजीत गेला, हे खरे काय?

दुसरी शंका आधी घेतो, कारण हा दावा ऐकून कान किटले आहेत. तो साफ खोटा आहे. ‘सर्जनशील’मधील सर्जन म्हणजे निर्मिती, रुग्णालयातील सर्जनाशी त्याचे साम्य केवळ देवनागरी अक्षरांपुरते आहे. लो याचा शस्त्रवैद्यकावरील इंग्रजी ग्रंथ १५९७ मध्ये लंडनला छापला गेला, त्याच्या मुखपृष्ठावर या विद्येचे नाव ‘एस’ने नव्हे, तर ‘सीएच’ने सुरू होते, आणि तेथेच शब्दाची कुळकथा उघडी पडते. ग्रीकमध्ये ‘खेइर’ म्हणजे हात आणि ‘एर्गोन’ म्हणजे काम. त्यांतून ‘खेइरुर्गिया’ हा शब्द झाला, लॅटिनमधून फ्रेंचमध्ये गेला आणि तेथे झिजून इंग्रजीत ‘सर्जन’ झाला. म्हणजे सर्जन हा हाताने काम करणारा. ‘खेइर’ आणि आपला ‘हस्त’ यांचे मूळ भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात. तेव्हा संस्कृतशी नाते हवेच असेल, तर ते येथे आहे. सुश्रुताने एकशे एक यंत्रे सांगून त्यांत हातच सर्वांत प्रधान असे बजावले आहे, आणि मराठी माणूस आजही वैद्याचा ‘हातगुण’च पाहतो. ग्रीक शब्दाला याहून नेमका मराठी जोड मला तरी माहीत नाही.

‘शल्यविशारद’ या शब्दाबद्दल मात्र परिभाषेचे काही अभिमानी मला ऐकवतात की, शल्य म्हणजे सुरी, म्हणून शल्यविशारद म्हणजे सुरी चालवण्यात निष्णात. या विद्वानांनी कधी पायात काटा मोडून घेतलेला दिसत नाही. शल्य म्हणजे शरीरात रुतलेली परकी वस्तू, बाणाचे टोक किंवा काटा. त्याचेच प्राकृत रूप ‘सल्ल’ आणि मराठी रूप ‘सल’, जो मनातही सलत राहतो. शल्य कापत नाही, ते उपसावे लागते. या अर्थाने लो याला शल्यविशारद म्हणण्यास हरकत नाही, कारण पॅरिसच्या वेढ्याच्या काळात स्पॅनिश पलटणींबरोबर आणि पुढे फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीच्या सैन्याबरोबर राहिलेल्या माणसाने गोळ्या आणि भाल्यांची टोके पुष्कळच उपसली असणार.

मायदेशी परतल्यावर त्याने ग्लासगोत जे केले, त्यास हाताइतकेच कायद्याचे बळ लागले. १५९९ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याने त्याला आणि वैद्य रॉबर्ट हॅमिल्टन याला सनद दिली. तिच्यामुळे ग्लासगो व आसपासच्या मुलखात शस्त्रवैद्यक करणाऱ्यांची परीक्षा घेण्याचा अधिकार त्यांना मिळाला, उंदीर मारण्याच्या विषाची विक्री औषधविक्रेत्यांपुरती मर्यादित झाली, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी गरीब रुग्णांना फुकट सल्ला देण्याचे बंधन आले. या सनदेतून उभ्या राहिलेल्या संस्थेचे आजचे रूप ग्लासगोत अजून नांदते आहे.

तेव्हा लो याला ‘सर्जन’, ‘शस्त्रवैद्य’ किंवा वरील अर्थाने ‘शल्यविशारद’ म्हणावे. नावामागे ‘डॉ.’ लावायचे की नाही, हे ठरवताना एवढे लक्षात घ्यावे की, ग्रंथावर तो स्वतःला पॅरिसच्या शस्त्रवैद्यक विद्याशाखेचा ‘डॉक्टर’ म्हणवतो, आणि राजाच्या सनदेत मात्र त्याच्या नावामागे ‘मास्टर’ एवढेच आहे.