जर्मन क्रियापदं: आधी शेवटचा 'एन' काढा

मालवणात बसून जर्मन शिकतोयस ना, मग पहिलं वाक्य गावाचंच घे: इश वोने इन मालवण, म्हणजे मी मालवणात राहतो. 'वोनेन' म्हणजे राहणे. त्यातला 'एन' काढला की उरतं 'वोन'. इशला (मी) ए, डूला (तू) स्ट, एर (तो) आणि ईअरला (तुम्ही) ट लाव. विअरला (आम्ही) 'वोनेन' तसंच.

'झी'कडे नीट बघ. झी वोन्ट म्हणजे ती राहते, झी वोनेन म्हणजे ते राहतात किंवा आपण राहता. अर्थ शेपटावरच ठरतो, म्हणून ते गिळू नकोस.

'आर्बाइटेन'मध्ये धातूच ट वर संपतो. वर स्ट किंवा ट जोडला तर जीभ अडखळते, म्हणून मध्ये ए येतो: डू आर्बाइटेस्ट, एर आर्बाइटेट.

आणि 'राहतो मालवणात' असं कर्ता गाळून मराठीत चालतं, तिथे नाही. इश हवाच.