एकट्याने धबधबे बघायला निघतोयस ना?

आधी यादी निम्मी कर. नकाशावर चाळीस किलोमीटर दिसणारा कच्चा रस्ता दोन तास सहज खातो, आणि अनोळखी वळणं अंधारात एकट्याने घेण्यात काही मजा नाही. नकाशे फोनमध्ये उतरवून ठेव. रेंज गेली तरी जीपीएस उपग्रहांवरून चालतं. टाकी अर्ध्यावर आली की भर. कुठल्या रस्त्याने जातोयस, कधी परतणार, ते घरी सांगून ठेव.

खरी भीती पाण्याची. रस्त्यावरून वाहणारं ३० सेंटिमीटर पाणी छोटी गाडी उचलू शकतं, ६० सेंटिमीटर असेल तर मोठ्या गाड्याही वाहून जातात. पुढचा गेला म्हणून आपण घालायची नाही. खाली डोहाशी असताना पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत यायला लागला, की सामान सोडून वर चढ. डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस झालेला असतो. माझे बूट एकदा असेच गेले. ज्या दगडावर काढून ठेवले होते तो दगडही दिसेनासा झाला. आणि कड्याच्या टोकावर जाऊ नकोस, ओल्या शेवाळावर कितीही महागडा बूट घसरतो. तसाही धबधबा खालूनच चांगला दिसतो, वरून नुसतं पाणी नाहीसं होताना दिसतं.