अन्यभाषा येत नाहीत म्हणून खचू नकोस

नागपूरच्या सदर भागातल्या प्रार्थनासभेत सगळे अन्यभाषेत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत, बोलतात नि तू गप्प बसतोस, म्हणून तुझ्यात पवित्र आत्मा नाही, असं तुला कोणी म्हटलं असेल तर बायबलमधलं पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र, १ करिंथ १२:३० उघड. 'सर्वच भाषा बोलतात काय?' असं पौल विचारतो, आणि उत्तर 'नाही' असंच अपेक्षित आहे. त्याच्या यादीत चमत्कारांच्या शेजारी मदत करणं आणि व्यवस्था पाहणंही आहे. मे महिन्याच्या उन्हात उपासनेआधी पाण्याच्या कॅन आणून ठेवणाऱ्याला मात्र कोणी कृपादान, म्हणजे आत्म्याची देणगी, मिळालेला म्हणत नाही!

ही कृपादानं येशूच्या प्रेषितांबरोबर संपली असं मानणाऱ्या मंडळ्याही (चर्च) आहेत. मला ते पटत नाही. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंनी सांभाळलेल्या मुलींमध्ये पवित्र आत्म्याची जागृती झालीच ना? पण त्यावरून भांडू नकोस.

सावध राहायचं ते 'देवाने मला सांगितलं' या वाक्यापासून. कोणी म्हणेल, मिहान उद्योगक्षेत्रातली नोकरी सोड, प्रभूची आज्ञा आहे. लगेच राजीनामा लिहू नकोस. संदेश दोघातिघांनी द्यावा आणि इतरांनी पारखावा, हे १ करिंथ १४:२९ मध्येच आहे. बायबलमधला लहान शमुवेलसुद्धा देवाची हाक ऐकून तीनदा याजक एलीकडे धावला, मग कळलं हाक कोणाची. वचनाशी ताडून बघ, पाळकांशी बोल, घरच्यांनाही विचार. पारखायला मनाई करणारा, किंवा संदेशासोबत दानाचं पाकीट पुढे करणारा असेल, तर सरळ उठून ये.