मुलाखतीत आवाज कापतो

प्रश्न: लेखी परीक्षा निघते, पण मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला आवाज कापतो. रोज आरशासमोर ‘मला जमणारच’ म्हणते, तरी फरक नाही. काय करू?

उत्तर: नुसतं ‘जमणारच’ मनाला पटत नाही, त्याला पुरावा लागतो. तुम्ही निभावलेली 5 कामं वहीत लिहा. ‘मी मेहनती आहे’ असं नको. ‘गॅदरिंगचा हिशेब एकटीने जुळवला’ असं. मग ‘स्वतःबद्दल सांगा’चं दीड मिनिटाचं उत्तर रोज दोनदा मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. पाठ मात्र अजिबात करू नका. एक शब्द निसटला की पुढचं सगळंच अडतं. पहिलं वाक्य आणि 4 मुद्दे तेवढे पक्के ठेवा. घरच्यांना समोर बसवून मध्येच टोकायला सांगा. आत जाण्याआधी 4 मोजत श्वास घ्या, 6 मोजत सोडा, पाचदा. तरीही आवाज कापला तर थांबू नका, बोलत राहा. थरथर बहुधा सुरुवातीलाच जास्त असते.