जुन्या चित्रांतला प्रियकर चौकटीबाहेर का असतो?

तुम्ही विचारलंय की रत्नागिरीजवळच्या आजोळच्या घरात माळ्यावर जुने दिवाळी अंक आणि काचेतलं एक मोठं चित्र मिळालं. जवळजवळ सगळीकडे नायिका एकटीच आहे, आणि दोघं असली तरी एकमेकांकडे बघत नाहीत. त्या काळी प्रेम असंच दाखवायचे का, की चित्रकारांना मोकळीकच नव्हती?

माझं वेंगुर्ल्यात फोटोफ्रेमचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. जुनी चित्रं नवी काच घालायला येतात. मागचा पुठ्ठा काढून चित्र टेबलावर आडवं घेतलं की भिंतीवर कधी न दिसलेलं बरंच काही दिसतं. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मोकळीक कमी होती हे खरं. पण तेवढ्यावर विषय संपत नाही. त्या चित्रांतला प्रियकर बहुतेक वेळा चौकटीच्या बाहेर उभा असतो आणि त्याचं असणं आपल्याला बाईच्या नजरेवरून, मानेवरून, हातातल्या वस्तूवरून कळतं. राजा रविवर्म्याची शकुंतला घ्या. सख्यांबरोबर चालताना ती थांबलीय, एकीच्या खांद्यावर हात टेकलाय, पायात काटा रुतल्यासारखा पाय उचललाय आणि मान मागे वळवलीय. कालिदासाच्या नाटकात ही हकिकत दुसऱ्या अंकात खुद्द दुष्यंत विदूषकाला सांगतो. दर्भ टोचल्याचं निमित्त करून ती थांबली, फांदीत न अडकलेलं वल्कल सोडवत राहिली, असं. म्हणजे नाटकात ही त्याची आठवण आहे. रविवर्म्याने त्याला चित्रातून काढला आणि ती बघते ती बाजू मोकळी सोडली.

त्याचीच दुसरी शकुंतला गवतावर पालथी पडून कमळाच्या पानावर नखाने पत्र लिहिते. हे चित्र १८७६ साली मद्रासच्या प्रदर्शनात होतं, तिथल्या गव्हर्नरने ते विकत घेतलं, पुढे मोनिअर विल्यम्सने केलेल्या शाकुंतलाच्या इंग्रजी भाषांतरातही ते छापलं गेलं. तिथेही दुष्यंत नाही, आहे ते पत्र. आणि हंस-दमयंतीत नळ नाही, कठड्यावर बसलेला हंस आहे. नळाबद्दल तो जे सांगतोय ते ती ऐकतेय.

रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. या छापखान्यातून पहिलं चित्र बाहेर पडलं ते शकुंतलेच्या जन्माचं, असं सांगतात. मेनका तान्ही पोर पुढे करतेय आणि विश्वामित्र तोंड फिरवून उभा आहे. घराघरांत गेलेल्या या चित्रांची सुरुवातच प्रेम सरल्यानंतरच्या प्रसंगाने व्हावी, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

छपाई दगडावरून व्हायची. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि तोच कागद पुन्हा पुन्हा दाबाखाली जायचा. भिंग लावून पाहिलंत तर गाल म्हणजे गुलाबी, पिवळे, तपकिरी ठिपके. एखाद्या प्रतीत तांबड्याचा दगड केसभर सरकलेला असतो, मग ओठांचा रंग ओठांबाहेर येतो. माझ्याकडे आलेल्या एका मोहिनीचं हसू तेवढ्यानेच बदललं होतं.

पुराणातल्याच जोड्या का, याचं उत्तर घरांत आहे. मुलीचं लग्न नऊ-दहाव्या वर्षी होत असेल तर प्रियाराधन करायचं कोणी, कुणाचं आणि कधी? बालविवाह रोखणारा शारदा कायदा १९२९ चा, आणि त्यानेही मुलीच्या लग्नाचं वय चौदावरच नेलं. आधी भेट, मग ओढ, मग लग्न हा क्रम आपल्याकडच्या बहुतेक घरांना माहीतच नव्हता. शकुंतला, दमयंती, सुभद्रा, उषा यांना मात्र तो होता. त्यांच्या नावावर चित्रकार हवं ते रंगवू शकत होता आणि ते चित्र सासूसासऱ्यांदेखत माजघरात टांगता येत होतं.

आता कोकणातल्या घराबद्दल सांगतो, कारण तुमचं चित्रही कोकणातल्याच घरातलं आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी जवळच्या गावातल्या एक आजी रिक्षात घालून एक फ्रेम घेऊन आल्या. हंस-दमयंतीच, शिळाछाप. कडा कसरीने खाल्लेल्या, त्यामुळे छापखान्याचं नाव गेलेलं. चित्रावर कुणीतरी हाताने काम केलं होतं. दमयंतीच्या पदराला खरी जर लावलेली, ओटीपोटावरच्या निऱ्यांवर टिकल्या, बांगड्यांच्या जागी बारीक मणी. चेहरा आणि हात मोकळे ठेवले होते. चित्रं अशी सजवायची त्या काळी रीतच होती, मला त्यात नवल नव्हतं. पण काच काढली तेव्हा गळ्याशी काळे मणी दिसले. दोऱ्यात ओवून, दोरा कागदातून आरपार काढून मागे गाठ मारलेली. मूळ चित्रात तिच्या गळ्यात काळी पोत असायचं कारणच नाही, दमयंती अजून कुमारिका आहे. हंसाकडून नळाचं वर्णन ऐकतेय, स्वयंवर पुढे व्हायचंय.

आजींनी सांगितलं, ते काम त्यांच्या सासूचं. सासूचं लग्न अकराव्या वर्षी झालं. न्हाण आल्यावर नांदायला आल्या आणि त्याच साली नवरा मुंबईला गिरणीत लागला. गणपतीला यायचा, जमलं तर शिमग्याला. चित्र त्यानेच बोटीने आणलं होतं.

मी ते मणी बराच वेळ बघत होतो. त्या बाईने कुमारिकेची लग्न झालेली बाई केली होती. ज्याच्याबद्दल हंस बोलतोय त्याच्याशी हिचं आधीच लग्न झालंय, ती फक्त त्याला पुरती ओळखत नाही. प्रियाराधन लग्नानंतर, आणि तेही लांबून. जुन्या शास्त्रात आठ नायिका सांगितल्यात, त्यांतली प्रोषितभर्तृका म्हणजे जिचा नवरा परगावी आहे ती. मुंबईच्या चाकरमान्यांनी कोकणातलं घर न् घर तिच्या स्वाधीन केलं होतं. पावसात बोटी बंद. पत्र आलं तर आलं, आणि वाचायला पोस्टमन नाहीतर शाळेतला पोर. अशा घरात हंस हा दागिना म्हणून नसतो. निरोप आणणारा कोणीतरी म्हणून तो भिंतीवर असतो.

पुठ्ठ्याच्या आत मनीऑर्डरची कुपनं होती, पंधरा-सोळा. मनीऑर्डरबरोबर चार ओळींचा मजकूर लिहायला जागा असायची ती. बहुतेकांवर एकच वाक्य, पैसे पोचल्याचे कळविणे. एकावर खाली अधिकचं, आंब्याचं कलम जगलं का. मी आजींना विचारलं, वेगळं पाकीट करून देऊ का? त्या म्हणाल्या, "ती थंयच ऱ्हवांदेत." मी पातळ कागदात गुंडाळून पुन्हा चित्राच्या मागेच ठेवली.

दिवाळी अंकांची गोष्ट थोडी वेगळी. पहिला दिवाळी अंक १९०९ चा, 'मनोरंजन' मासिकाचा. त्याचे संपादक का. र. मित्र, मूळचे आजगावकर. आजगाव आमच्याकडून हाकेच्या अंतरावर, म्हणून हे अभिमानाने सांगतो. पण तुमच्या माळ्यावरचे अंक बहुधा चाळीस ते साठच्या दशकांतले असतील आणि त्यांत दोन चित्रकारांचे हात पुन्हा पुन्हा दिसतील, दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर. दोघेही गोव्याचे, म्हणजे याच किनाऱ्याचे. दलाल १९१६ चे, मुळगावकर १९१८ चे. दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' अंक सुरू केला आणि मुखपृष्ठावरची बाई हाच अंकाचा चेहरा झाला.

मुळगावकर रंग फवाऱ्याने द्यायचे, त्यामुळे गालाची कड कुठे संपते ते सापडत नाही, अंगातून उजेड आल्यासारखा वाटतो. त्यांची राधाकृष्णाची कॅलेंडरं वर्ष संपलं की तारखा कापून आमच्याकडे फ्रेमला यायची, अजून येतात. दलालांचं सगळं रेषेत. कुंचल्याची एकच रेघ मानेवरून निघते, पाठीवर जाड होते, कमरेशी बारीक होऊन पदरात जाते. देवांसाठी मला मुळगावकर आवडतात, प्रेमाच्या कथेसाठी दलाल. फवारलेल्या चेहऱ्यावर सगळं सुंदरच दिसतं, रेषेत संकोच दाखवता येतो.

या काळात नायक चौकटीत आला, कारण मुली कॉलेजात गेल्या आणि गोष्टीतली मंडळी लग्नाआधी भेटू लागली. तरी तुमचे अंक उघडून पाहा. बाई पुढे, मोठी, तीन-चतुर्थांश वळलेली, अंबाड्यात फूल, हातात पुस्तक किंवा पत्र. पुरुष मागे, दाराशी किंवा झाडापाशी, लहान, कधी नुसता काळ्या शाईत. दोघांच्या मध्ये रिकामी जागा. ब्लॉकच्या छपाईत काळा-पांढरा दोनच असताना ती पांढरी जागा चित्रातली सगळ्यात बोलकी वस्तू होते. तुम्ही म्हणता ती एकमेकांकडे बघत नाहीत. बरोबर आहे, पण एकमेकांना माहीत आहे हे मात्र दिसतं. तिचा खांदा त्याच्या बाजूला जरा झुकलेला असतो. हातातलं पत्र उलटं धरलेलं असतं, म्हणजे वाचून झालंय.

परदेशात चित्र वेगळं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत चार्ल्स डाना गिब्सन दिवाणखान्यातल्या तरुण जोड्या काढत होता. १९०३ च्या त्याच्या एका चित्रात चौघी तरुणी टेबलावरच्या अंगठ्याएवढ्या गुडघे टेकलेल्या पुरुषाला भिंगातून बघताहेत. तिथे प्रियाराधन हा समोरासमोरचा डाव आहे. आपल्याकडे समोर कोणी नाही, म्हणून पक्षी, पत्र, दिवा, वळण घेतलेली वाट.

छापखान्याच्या आधीही आमच्याकडे चित्रातून गोष्ट सांगायची रीत होती. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. साधारण फूटभर उंचीचे कागद, पाठीला पाठ चिकटवलेले. वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीवर एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारत सांगतात. पात्रं एका अंगाने दिसणारी, डोळे मोठे, बहुतेक समोरासमोर. तिथे विरह चित्रात शोधू नका, तो गाणाऱ्याच्या गळ्यात आहे. चित्र फक्त कोण कुणापुढे उभं आहे ते सांगतं. छापील चित्राला गळा नव्हता, म्हणून त्याला मान वळवावी लागली, असं मला वाटतं.

एक गोष्ट मला या चित्रांत खुपते, तीही सांगतो. वाट बघते ती नेहमी बाईच. गिरगावात, लालबागात एका खोलीत दहा-बाराजण झोपायचे, त्यांतलाही प्रत्येकजण कुणाची तरी वाट बघत होता. कुपनावर कलमाची चौकशी करणारा तो गिरणीकामगार कुणी रंगवलेला मी पाहिला नाही. आणि आमच्या गाबीत समाजाच्या बायका, ज्यांचे नवरे रोज रात्री समुद्रावर जायचे, त्या चित्रांत आल्या त्या टोपली आणि कासोट्यासकट, बघणाऱ्याच्या डोळ्याला बरं वाटावं म्हणून. पहाटे होडीची वाट बघत किनाऱ्यावर बसलेली बाई हीसुद्धा प्रोषितभर्तृकाच होती, तिला तो मान मिळाला नाही.

तुमच्याकडच्या काचेतल्या चित्रावर जर किंवा मणी असतील तर काच चित्राला टेकलेली असेल, ती घाईने ओढू नका, टिकल्या काचेबरोबर निघून येतात. कागद ओलसर लागला तर उन्हात ठेवू नका, सावलीत दोन दिवस आडवं ठेवा. अंकांना टाचण्यांचा गंज लागला असेल तर त्या काढून दोऱ्याने शिवून घ्या. लॅमिनेशन कुणीही सुचवलं तरी करू नका. आणि मागचा पुठ्ठा फेकण्याआधी आत हात घालून बघा.