आरसी कारच्या लिपो बॅटरीसाठी कोणता चार्जर घ्यावा?

आपण घोडबंदर रोडला फ्लॅटमध्ये राहता, नुकतीच १:१० मापाची आरसी (रिमोटने चालणारी) कार घेतली आहे, तिच्यासोबत ७.४ व्होल्टचा म्हणजे २एस (एकामागे एक जोडलेल्या दोन सेलचा), ५००० एमएएच क्षमतेचा लिपो (लिथियम पॉलिमर) पॅक आला आहे आणि खोक्यातला छोटा चार्जर तो भरायला सहा तासांहून अधिक वेळ घेतो. म्हणून जास्तीत जास्त ॲम्पिअरचा चार्जर कोणता, असे आपण विचारले आहे. मी नेरुळला राहतो आणि बरीच वर्षे या गाड्या चालवत आलो आहे. माझ्या मते ॲम्पिअरच्या आधी दोन आकडे पाहावेत: घरच्या विजेवर चार्जर किती वॅट देतो, आणि भरलेला पॅक तो किती वॅटने उतरवू शकतो, म्हणजे त्यातली वीज काढून घेऊ शकतो. दुसऱ्या आकड्याकडे सहसा कोणी पाहत नाही, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात तोच जास्त उपयोगी पडतो.

पहिल्या आकड्याचा हिशोब सोपा आहे. ५००० एमएएचचा पॅक १सी दराने, म्हणजे क्षमतेच्या आकड्याइतक्याच प्रवाहाने, ५ ॲम्पिअरने भरावा. पॅकवर याहून मोठा दर छापलेला असला तरी मी रोजच्या वापरात १सीच्या वर जात नाही, कारण त्याने पॅक अधिक काळ टिकतात. २एस पॅक पूर्ण भरला की ८.४ व्होल्टवर असतो, म्हणजे ५ ॲम्पिअरला ४२ वॅट लागतात. पुढे ३एस पॅक घेतलात (आणि बहुतेक जण घेतातच) तर १२.६ व्होल्टने ६३ वॅट होतात. म्हणून ८० ते १०० वॅटचा चार्जर आपल्याला पुरेसा आहे. मात्र पुष्कळ चार्जरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले वॅट बाहेरच्या डीसी पुरवठ्यावरचे असतात आणि भिंतीतल्या प्लगवर त्याच्या निम्मेसुद्धा मिळत नाहीत, तेव्हा बारीक अक्षरांतला एसीचा आकडा वाचूनच पैसे द्यावेत. दोन पॅक एकदम भरणाऱ्या चार्जरमध्ये हे वॅट दोन्ही बाजूंत वाटले जातात का, तेही विचारावे. काही जण फक्त डीसीवर चालणारा चार्जर आणि लॅमिंग्टन रोडवर मिळणारा जाळीच्या पत्र्याचा पॉवर सप्लाय घ्यायला सांगतील. तो स्वस्त पडतो हे खरे, पण त्याच्या तोंडावर २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात, त्यामुळे लहान मुले असलेल्या घरात तो मी ठेवणार नाही.

आता दुसरा आकडा. काही वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात, रविवारी मैदानावर जायचे म्हणून मी शनिवारी रात्री दोन पॅक पूर्ण भरून ठेवले. पहाटे पाऊस लागला आणि पॅक तसेच कपाटात राहिले. गणपती झाल्यावर खण उघडला तेव्हा एका पॅकचे कडक प्लॅस्टिकचे कवच शिवणीवर उकलले होते, आणि तो टेबलावर ठेवला तर दोन्ही बाजूंना डुगडुगत होता. लिपो सेल ४.२ व्होल्टवर दीर्घकाळ राहिला, त्यातही उकाड्यात, तर आतले रसायन हळूहळू विघटित होऊन वायू तयार होतो आणि पॅक फुगतो. फुगलेला पॅक पुन्हा कधीही भरू नये. जून ते सप्टेंबर आपली मैदाने चिखलात असतात, त्यामुळे ते चार महिने पॅक दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास, म्हणजे साधारण अर्धे भरलेले असावे लागतात.

यासाठी चार्जरमध्ये ‘स्टोरेज’ मोड असतो, पण तो किती वेगाने काम करतो हे उतरवण्याच्या वॅटवर ठरते. लहान चार्जर बहुधा ५ वॅटनेच पॅक उतरवतात. आपल्या भरलेल्या पॅकमधून सुमारे २० वॅट-तास ऊर्जा काढायची, म्हणजे चार तास झाले, आणि रात्री दमून घरी परतल्यावर चार तास त्या चार्जरजवळ कोणी बसत नाही. मीही बसलो नव्हतो. त्यामुळे सारख्या किमतीच्या दोन चार्जरपैकी एक ५ वॅटने आणि दुसरा १५ वॅटने पॅक उतरवत असेल, तर दुसराच घ्यावा.

बॅलन्सची, म्हणजे सगळे सेल सारखे भरले जावेत यासाठीची, छोटी पांढरी तार जोडण्याची सोय आणि प्रत्येक सेलचे व्होल्ट दाखवणारा पडदा या गोष्टींत तडजोड करू नये. जुन्या गाडीची निकेल मेटल हायड्राइड बॅटरीही त्याच चार्जरवर भरणार असाल, तर प्रत्येक वेळी प्रकार तपासा. निकेलचा मोड पॅक भरल्यावर व्होल्टेज किंचित घसरण्याची वाट पाहतो, आणि लिपोमध्ये ती घसरण येत नसल्यामुळे चार्जर वीज लोटतच राहतो. आग लागण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. चार्जरची वायर उघड्या बनाना पिनांची असेल तर ती आधी चार्जरमध्ये खोचावी आणि मगच पॅक जोडावा, नाहीतर त्या दोन पिना एकमेकींना टेकून ठिणगी उडते.

चार्जिंग लादीवर, पडदे आणि गादीपासून दूर, कोणीतरी त्याच खोलीत जागे असतानाच करावे, आणि मैदानावरून आलेला गरम पॅक हाताला थंड लागेपर्यंत जोडू नये.

चार्जर घरी आला की पहिले चार्जिंग संपताच साध्या मल्टीमीटरने पॅकचे व्होल्ट मोजा. पडदा ८.४० दाखवत असताना मीटरवर ८.५० आले, आणि दुसऱ्या मीटरवरही तेच दिसले, तर तो चार्जर त्याच आठवड्यात पावतीसह परत करा.