शिव्या न खाता खेळायचं कुठं?

प्रश्न : मुलगा हुबळीला शिकायला गेला, त्याचा जुना लॅपटॉप घरी पडून होता. त्यावर 'एज ऑफ एम्पायर्स 2' हा गाव वसवून लढाई करायचा खेळ शिकलो. संगणकाला हरवतो, पण ऑनलाइन चार विरुद्ध चारच्या डावात दहाव्या मिनिटाला घोडेस्वार घुसतात आणि आपलेच सोबती चॅटमध्ये नाही नाही ते लिहितात. वय 48. नवख्याला सांभाळून घेणारे कुठं मिळतील?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : वयाचं सोडा, मी 53व्या वर्षी सुरुवात केली. तुम्ही बहुतेक थेट रँक्ड, म्हणजे हारजितीवर गुण बदलणारे डाव खेळताय. तिथं नव्या माणसालाही 1000 गुणांवर उभं करतात. पहिलीतल्या पोराला सहावीत बसवल्यासारखं. हरत हरत आपल्या पायरीवर उतरेपर्यंत बोलणी खायची.

त्यापेक्षा लॉबीत, म्हणजे खेळाडू डावासाठी जमतात तिथं, स्वतःची खोली उघडा, नावातच 'फक्त नवखे' असं इंग्रजीत घाला. तरी एखादा मुरलेला पैलवान पोरांच्या कुस्तीत घुसतोच. नावापुढचा गुणांचा आकडा बघा आणि डाव सुरू व्हायच्या आत त्याला बाहेर काढा. खोली तुमची, भीड कसली? नकाशा ब्लॅक फॉरेस्ट ठेवा. दाट झाडीमुळे घोडेस्वार उशिरा पोचतात.

खरी माणसं मात्र मला दुसरीकडंच मिळाली. तिघं-चौघं एका बाजूला, संगणक समोर, त्याची पातळी मॉडरेट, म्हणजे मध्यम. गुण जात नाहीत, त्यामुळं कुणी चिडत नाही. माझा निपाणीचा जोडीदार असाच भेटला. पहिल्याच डावात त्यानं एकच सांगितलं, "काका, टाऊन सेंटर रिकामं बसलंय की." टाऊन सेंटर म्हणजे गावकरी काढायची मुख्य इमारत; एक गावकरी म्हणजे 50 अन्न आणि 25 सेकंद. मी लढाई बघत बसायचो, गावकरी काढायचे राहून जायचे. तुमचंही बहुतेक तेच होतंय.

इंग्रजी टाइप करायला वेळ लागतो? चॅटमध्ये नुसता आकडा टाका, ठरलेलं वाक्य सगळ्यांना ऐकू जातं : 3 म्हणजे अन्न द्या, 4 लाकूड, 5 सोनं. मागायला लाजू नका, पण देणाऱ्याकडं बाजार बांधलेला लागतो.

आणि पावसाळ्यात राऊटर इन्व्हर्टरवर घ्या. खानापूरची लाईट तुम्हाला मी काय सांगू! मधेच गायब झालात तर उरलेल्यांचा डाव बसतो. 13 टाकला की 'हो, दे इंटरनेटवाल्याला दोष' अशा अर्थाचा टोमणा वाजतो. पुढच्या डावात सोबत्यांनी मला तो आजवर तीनदा ऐकवलाय, आणि तिन्ही वेळा लाईट खरंच गेली होती.